चिपचा भाव नव्हे, हॅशचा भाव बघा

एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं आहे:

«मी एम्बेडेड क्षेत्रात नोकरी करतो, चिपचं डिझाइन लिहिण्याची व्हेरिलॉग ही भाषा चांगली येते. एका मित्राबरोबर क्रिप्टो मायनिंगचं स्वतःचं हार्डवेअर उभं करायचं ठरवलं आहे. ग्राफिक्स कार्डापेक्षा एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) फार कमी वीज खातं, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. आर्टिक्स-७ मालिकेतल्या २००टी चिप्स घाऊकीत स्वस्त मिळताहेत. ४० नगांची बोलणी झाली आहेत, पुढच्या आठवड्यात आगाऊ रक्कम द्यायची आहे. बोर्ड आम्हीच डिझाइन करू. मित्राचं म्हणणं, त्यापेक्षा डेटा सेंटरमधून निघालेली, व्हीयू९पी या मोठ्या एफपीजीएची जुनी कार्डं घेऊ. मध्ये किंटेक्स-७ ३२५टी हाही पर्याय आहे. निम्मे पैसे माझ्या ताईने तिच्या बचतीतून दिले आहेत. सगळ्यांत किफायतशीर चिप कोणती? आणि उणे एक स्पीड ग्रेड (चिपच्या वेगाची प्रत) पुरेल की त्याहून वेगवान उणे दोनसाठी जास्त पैसे मोजावेत?»

आधी तातडीचं सांगते. पुढच्या आठवड्यात आगाऊ रक्कम देऊ नका. आर्टिक्स वाईट आहे म्हणून नव्हे. तुमच्या पत्रात तीन चिप्सची नावं आहेत, पण कुठलं नाणं आणि कुठला अल्गोरिदम, याचा उल्लेखच नाही. अल्गोरिदम ठरल्याशिवाय कुठली चिप किफायतशीर ते मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही. एकच चिप एका अल्गोरिदमला सोन्यासारखी आणि दुसऱ्याला निरुपयोगी ठरू शकते.

मनात बिटकॉइन असेल तर तो आजच काढून टाका. एफपीजीए वीज कमी खातं हे तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण ते मुख्यतः २०११-१२ सालातलं आहे. तेव्हा स्पार्टन-६ एलएक्स१५० ही चिप मायनर मंडळींची लाडकी होती. बिटकॉइनच्या एसएचए-२५६ अल्गोरिदमची पूर्ण उलगडलेली पाइपलाइन, म्हणजे दर क्लॉकला एक हॅश (एक प्रयत्न) पुरा करणारी साखळी, तिच्यात जेमतेम मावायची. २०० मेगाहर्ट्झचं क्लॉक दिलं की सेकंदाला सुमारे २०० मेगाहॅश मिळत, आणि वीज लागे सुमारे १० वॉट. त्याच काळातलं रेडिऑन एचडी ५८७० ग्राफिक्स कार्ड दुप्पट म्हणजे ४०० मेगाहॅश द्यायचं, पण त्यासाठी १९० वॉटच्या आसपास खायचं. प्रत्येक ज्यूलमागे एफपीजीए सुमारे दहापट काम करत होतं. वेगात ते हरत होतं, विजेच्या बिलात जिंकत होतं.

मग जानेवारी २०१३ मध्ये अ‍ॅव्हलॉनची पहिली एसिक (एकाच कामासाठी घडवलेली चिप) यंत्रं ग्राहकांच्या हाती पडली. एका यंत्रातून साठ-पासष्ट गिगाहॅश, म्हणजे तीनशेहून अधिक एलएक्स१५० चिप्सचं काम. ती एसिक ११० नॅनोमीटरची, स्पार्टन-६ पेक्षा कितीतरी जुन्या तंत्राची. तरीही तिने एफपीजीएला एका फटक्यात बाहेर काढलं, कारण एफपीजीएतली बरीच जागा आणि वीज तारा हव्या तशा जोडता याव्यात या लवचीकतेसाठीच खर्च होते. एकच काम कायम करायचं असेल तर त्या लवचीकतेचा उपयोग नसतो, पण किंमत मात्र मोजावी लागते. आजचं अँटमायनर एस२१ २०० टेराहॅश देतं आणि ३,५०० वॉट घेतं. तेवढ्याच हॅशसाठी एलएक्स१५० च्या दहा लाख चिप्स आणि १० मेगावॉट वीज लागेल. तुमच्या मित्राच्या व्हीयू९पीकडून उदार मनाने १० गिगाहॅश धरले, तरी एका एस२१ची बरोबरी करायला २० हजार कार्डं हवीत. इथे चिप निवडण्याचा प्रश्नच उरत नाही.

एफपीजीएला जागा उरते ती अशा नाण्यांत, ज्यांच्या अल्गोरिदमसाठी एसिक अजून निघालेली नाही आणि ज्यांत अडचण गणिताची आहे, मेमरीची नाही. या दुसऱ्या अटीकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

केचॅक या हॅश अल्गोरिदमचं उदाहरण घ्या. त्याची स्थिती १,६०० बिटांची, फेऱ्या २४, आणि प्रत्येक फेरीत एक्सऑर, अँड, नॉट आणि बिट फिरवणं. बेरीज नाही, त्यामुळे कॅरीची लांब साखळी नाही. बिट फिरवायला एफपीजीएत लॉजिक लागतच नाही, नुसत्या तारा वळवल्या की झालं. म्हणून केचॅक एफपीजीएवर फार चांगलं चालतं. कास्पा या नाण्याचा केहेवीहॅशही केचॅकवरच उभा आहे. मध्ये फक्त ६४ गुणिले ६४ ची चार-चार बिटांची मॅट्रिक्स येते. गुणाकार पुष्कळ, पण छोटे, आणि सगळे चिपच्या आतच.

याउलट इथरियम क्लासिकचा एचहॅश बघा. एका हॅशसाठी मोठ्या तक्त्यातून ६४ वेळा १२८ बाइट उचलावे लागतात, म्हणजे ८ किलोबाइट. तक्ता काही गिगाबाइटचा, चिपच्या आत मावणारच नाही. म्हणजे तुमचा वेग मेमरीच्या वेगाने ठरणार, लॉजिकने नव्हे. एचबीएम ही वेगवान मेमरी असलेल्या महागड्या व्हर्टेक्स चिपची बँडविड्थ सेकंदाला ४६० गिगाबाइट. भागाकार केला की कमाल ५६ मेगाहॅश. आरटीएक्स ३०८० या ग्राफिक्स कार्डाची मेमरी ७६० गिगाबाइट देते. एफपीजीएत तुम्ही कितीही सुंदर व्हेरिलॉग लिहा, ही मर्यादा ओलांडता येत नाही. तुमच्या २००टीला तर साधी डीडीआर३ जोडावी लागेल, तिथे विचारच नको. मोनेरोचा रँडमएक्सही बाद. तो नोव्हेंबर २०१९ मध्ये आला तोच मुळी सामान्य प्रोसेसरला झुकतं माप देण्यासाठी. दोन गिगाबाइटचा डेटा, दर वेळी नव्याने तयार होणारा प्रोग्रॅम आणि दशांश चिन्हांचं गणित. यातलं काहीही एफपीजीएच्या सोयीचं नाही.

समजा तुम्हाला योग्य अल्गोरिदम सापडला. पुढचा प्रश्न असा की, ती संधी किती दिवस टिकेल? रेवनकॉइन जानेवारी २०१८ मध्ये एक्स१६आर हा अल्गोरिदम घेऊन सुरू झालं. सोळा हॅश, त्यांचा क्रम आधीच्या ब्लॉकवरून ठरणार. एसिक आणि एफपीजीए दोघांनाही हे अवघड जाईल, अशी कल्पना होती. लोकांनी तरीही वाट काढली. मग नाण्याच्या समुदायाने ऑक्टोबर २०१९ मध्ये अल्गोरिदम बदलला आणि मे २०२० मध्ये केएडब्ल्यूपॉव आणून तो ग्राफिक्स कार्डांच्या बाजूने पुन्हा बदलला. कास्पामध्ये उलटं घडलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये नाणं सुरू झालं, २०२२ मध्ये एफपीजीएवाल्यांनी चांगले दिवस पाहिले आणि २०२३ मध्ये एसिक बाजारात उतरली. एकीकडे समुदायाने दार लावलं, दुसरीकडे कारखान्याने. एफपीजीए मायनिंगमध्ये हेच होत आलं आहे. नाणं लहान असतं तोवर कारखान्यांना त्यात रस नसतो, आणि ते मोठं झालं की एसिक येतेच.

म्हणून कुठलाही हिशेब करताना उत्पन्न घटत जाणार हे धरूनच चाला. मी असं सुचवते: दर तीन महिन्यांनी उत्पन्न निम्मं होईल असं गृहीत धरा. हे भाकीत नाही, सावधपणासाठी घेतलेलं माप आहे. या मापाने बेरीज केली तर कार्ड कितीही वर्षं चालवा, एकूण उत्पन्न पहिल्या दिवसाच्या उत्पन्नाच्या सुमारे १३० पटच भरतं. विजेचा खर्च त्यातूनच जायचा. म्हणजे आजच्या दराने १३० दिवसांत पैसे वसूल होत नसतील, तर ते हार्डवेअर पैसे कधीच वसूल करणार नाही. विक्रेते आजचं उत्पन्न ३६५ ने गुणून दाखवतात. तो गुणाकार बघून निर्णय घेऊ नका.

आता तुमच्या तीन चिप्स.

आर्टिक्स-७ २००टी मध्ये १,३४,६०० एलयूटी (लॉजिकचे मूळ ठोकळे) आहेत, किंटेक्स-७ ३२५टी मध्ये २,०३,८०० आणि व्हीयू९पीमध्ये ११ लाख ८२ हजार. तुमच्या ४० आर्टिक्स चिप्सच्या एलयूटींची बेरीज ५३.८ लाख होते, म्हणजे साडेचार व्हीयू९पी. तेव्हा ४० चिप्सच्या किमतीची तुलना एका कार्डाशी करू नका. एका बाजूला चार-पाच जुनी कार्डं ठेवा. दुसऱ्या बाजूला ४० चिप्स, त्यांचे बोर्ड, ४० जागी कोअरचा वीजपुरवठा, उष्णता-शोषक, पंखे, चिपखालचे गोळे बोर्डाला जोडण्याचा (बीजीए) खर्च आणि पहिल्या खेपेत बिघडणारे नग ठेवा. त्यातही आर्टिक्स २८ नॅनोमीटरची आणि कमी किमतीसाठी बेतलेली, व्हीयू९पी १६ नॅनोमीटर फिनफेटची. तेच डिझाइन दुसरीवर जास्त क्लॉकला आणि हॅशमागे कमी विजेत चालतं. एलयूटीचा भाव सारखा आला तरी हॅशचा भाव सारखा येत नाही.

किंटेक्स-७ ३२५टी मला मधल्या मध्ये अडकलेली वाटते. आर्टिक्सपेक्षा वेगवान, पण तीही २८ नॅनोमीटरचीच. शिवाय या चिप्सचं डिझाइन तयार करणाऱ्या व्हिवाडो सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत किंटेक्स-७ फक्त १६०टीपर्यंत चालते, ३२५टीला परवाना लागतो. जुने बोर्ड पडेल किमतीत मिळत असतील तरच तिचा विचार करा.

व्हीयू९पीचेही दोष आहेत, ते मित्राला सांगा. ती एक अखंड चिप नाही, सिलिकॉनचे तीन तुकडे एका पायावर बसवलेले आहेत. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणारे सिग्नल हळू असतात. पाइपलाइन तुकड्यांच्या सीमेवर पसरली तर टायमिंग जुळवताना (सिग्नल क्लॉकच्या वेळेत पोचवताना) नाकी नऊ येतील. प्रत्येक तुकड्यात सुमारे ३ लाख ९४ हजार एलयूटी आहेत. त्यात मावतील तेवढ्याच पूर्ण पाइपलाइन बसवायच्या आणि तुकड्यांमधून फक्त काम आणि नॉन्स (हॅशसाठी बदलून बघायचा आकडा) पाठवायचे. परवानाही लागतो, आणि भरलेलं डिझाइन कंपाइल व्हायला तास न् तास जातात. शिवाय त्या चिपमधले वेगवान ट्रान्सीव्हर मायनिंगला बिनकामाचे. मायनिंगमध्ये चिपला काही डझन बाइटांचं काम द्यायचं आणि तिच्याकडून चार-आठ बाइटांचा नॉन्स घ्यायचा, एवढंच. त्याला साधा सिरीयल पोर्टही पुरतो. म्हणूनच व्हीयू९पी नवी घेणं मायनिंगला कधीच परवडत नाही आणि वापरलेलं कार्डच विचारात घ्यावं लागतं.

या सगळ्याआधी एक गोष्ट करा, तिला पैसे लागत नाहीत. तुम्हाला व्हेरिलॉग येतं, हे तुमचं सगळ्यांत मोठं भांडवल आहे. ते अजून तुम्ही वापरलेलंच नाही. अल्गोरिदम निवडा, त्याची एक पाइपलाइन लिहा आणि व्हिवाडोच्या मोफत आवृत्तीत दोन चिप्ससाठी सिंथेसिस करून इम्प्लिमेंट करा, म्हणजे कोडचं चिपवरच्या रचनेत रूपांतर करा. एक तुमची आर्टिक्स २००टी, दुसरी किंटेक्स अल्ट्रास्केल प्लस केयू५पी. केयू५पी विकत घ्यायची नाही. ती व्हीयू९पीच्याच १६ नॅनोमीटर घराण्यातली, २,१६,९६० एलयूटींची आहे आणि मोफत आवृत्तीत चालते. एका पाइपलाइनला किती एलयूटी लागले, किती क्लॉकला टायमिंग जुळलं आणि अंदाजे किती वीज लागली, हे दोन्हींसाठी लिहून काढा. केयू५पीच्या आकड्यांवरून व्हीयू९पीच्या एका तुकड्यात किती पाइपलाइन बसतील याचा चांगला अंदाज येतो. चिप ७५-८० टक्क्यांपेक्षा जास्त भरेल असं मात्र धरू नका. त्यापुढे राउटिंग हटून बसतं आणि क्लॉक खाली येतं.

विजेच्या अंदाजात एक खाच आहे. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर व्हिवाडो सिग्नल १२.५ टक्के दराने बदलतात असं मानतं. सामान्य डिझाइनला ते चालतं. हॅशच्या पाइपलाइनमध्ये मात्र जवळपास प्रत्येक बिट यादृच्छिक असतो, म्हणजे दर क्लॉकला तो बदलण्याची शक्यता अर्धी. टॉगल दर ५० टक्के ठेवून आकडा पुन्हा काढा. पहिल्या अंदाजाच्या किती पुढे जातो ते बघाल तेव्हा बोर्डाचा वीजपुरवठा किती मोठा लागेल ते कळेल. बेरजा असलेल्या अल्गोरिदममध्ये ग्लिचमुळे (सिग्नलच्या क्षणिक फालतू बदलांमुळे) तो याहूनही वर जाऊ शकतो.

हा आकडा फार महत्त्वाचा आहे, कारण एफपीजीए मायनिंगचे बहुतेक बोर्ड चिपमुळे नव्हे, रेग्युलेटरमुळे अडतात. व्हीयू९पीचा कोअर ०.८५ व्होल्टवर चालतो. १५० वॉट घ्यायचे तर जवळजवळ १७६ अँपिअर करंट द्यावा लागतो. आर्टिक्सला एक व्होल्टवर १० वॉट म्हणजे १० अँपिअर. ऐकायला थोडे वाटतात, पण स्वस्त डेव्हलपमेंट बोर्डांवरचा कोअरचा रेग्युलेटर अनेकदा काही अँपिअरचाच असतो, कारण तो बोर्ड अशा कामासाठी केलेलाच नसतो. स्वतः बोर्ड बनवायचा तर तुमचा वेळ लॉजिकपेक्षा याच भागात जाईल. आणि मोजमाप नेहमी भिंतीतल्या सॉकेटवर करा. चिपपाशी १०० वॉट असतील तर रेग्युलेटर, पॉवर सप्लाय आणि पंखे मिळून भिंतीपाशी १२०-१२५ सहज होतात. तुमच्या ४० चिप्स प्रत्येकी १० वॉटच्या धरल्या तर कागदावर ४०० वॉट दिसतील, मीटरवर ५०० च्या जवळ, म्हणजे दिवसाला १२ युनिट. नाणं विकून आलेल्या पैशातून पहिली वजाबाकी या बारा युनिटांची.

वीज कमी करायचा सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे व्होल्टेज उतरवणं. खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, क्लॉकच्या मात्र साध्या प्रमाणात. थोडं क्लॉक सोडून व्होल्टेज कमी केलं तर हॅशमागची वीज चांगलीच घटते. म्हणून ज्या कार्डाचं कोअर व्होल्टेज सॉफ्टवेअरने बदलता येतं, त्याला थोडी जास्त किंमत मोजायला हरकत नाही. थंडाव्यावर केलेला खर्चही वाया जात नाही, कारण चिप तापली की तिची गळतीची वीज वाढते.

सुट्या चिप्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या प्रकल्पासाठी घेऊ नका. घाऊक बाजारात जुन्या बोर्डांवरून उपटलेल्या, गोळे नव्याने बसवलेल्या आणि वरचं छापील नाव बदललेल्या चिप्स असतात. जेटॅग या तपासणीच्या पोर्टवरून चिपचा आयडीकोड वाचला की आतली चिप कुठली ते कळतं, पण त्यासाठी ती आधी बोर्डावर बसवावी लागते, आणि स्पीड ग्रेड तर त्या कोडमधून कळतच नाही. शिवाय नाण्याची संधी संपली की फक्त मायनिंगसाठी बनवलेल्या तुमच्या बोर्डांना गिऱ्हाईक मिळणार नाही. पीसीआयई आणि डीडीआर४ असलेलं कार्ड मात्र शिकायला, नेटवर्कच्या कामाला किंवा न्यूरल नेटवर्कच्या प्रयोगांना कुणी ना कुणी घेतं. पुढे ते विकता येणार का, हेही किफायतीच्या हिशेबातच धरायला हवं.

जुनं कार्ड घेताना विक्रेत्याला आधीच काही गोष्टी विचारा. जेटॅगचा कनेक्टर आहे का? सर्किटचा नकाशा किंवा निदान पिनांची यादी मिळेल का? ती नसेल तर क्लॉक कुठल्या पिनवर येतं हे शोधण्यातच आठवडे जातील. मुख्य म्हणजे, ई-फ्यूज (चिपमधले एकदाच जाळता येणारे फ्यूज) जाळून चिपला फक्त एन्क्रिप्ट केलेला बिटस्ट्रीमच, म्हणजे चिपवर चढवायची डिझाइनची फाइलच, स्वीकारायला लावलं आहे का? तसं असेल तर तुमचा कोड त्या चिपवर कधीच चढणार नाही, आणि हे फ्यूज पुन्हा जोडता येत नाहीत. पैसे देण्यापूर्वी एलईडी लुकलुकवणारा तुमचा स्वतःचा छोटा बिटस्ट्रीम त्यावर चढवून बघायला मिळाला तर उत्तम.

दुसऱ्याने लिहिलेले मायनिंगचे बिटस्ट्रीमही मिळतात, आणि मित्राच्या मनात कदाचित तेच असेल. ते बहुधा ठरावीक कार्डांसाठीच असतात आणि उत्पन्नातला काही टक्के हिस्सा लिहिणाऱ्याकडे जातो. हिस्सा द्यायला माझी हरकत नाही, काम अवघड असतं आणि त्याचा मोबदला मिळायलाच हवा. अडचण वेगळी आहे. बिटस्ट्रीम सार्वजनिक झाला की तसं कार्ड असलेला प्रत्येक जण त्याच दिवशी त्याच नाण्यावर येतो आणि डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक मिळवण्याची काठिण्यपातळी, वाढते. तुम्ही स्वतः लिहिलेला, तुमच्यापाशीच असलेला कोड हाच तुमचा खरा फायदा आहे. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा सिंथेसिसकडे वळते आहे.

नाण्याचीही एक तपासणी करा. त्याची रोजची उलाढाल किती आहे ते बघा. छोट्या नाण्यात तुमचं रोजचं उत्पादन विकायला काढलं आणि भावच पडला, तर कागदावरचं उत्पन्न हातात येत नाही. उलाढालीच्या मानाने तुमची विक्री नगण्य असली पाहिजे.

आता ताईंच्या पैशांचं. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून बचत दिली आहे. हा धंदा कसा चालतो हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं. वर लिहिलेला १३० दिवसांचा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवा. नाण्याचा समुदाय एका रात्रीत अल्गोरिदम बदलू शकतो हेही सांगा. माझा सल्ला आहे की त्यांचे पैसे आत्ता परत करा आणि सुरुवात फक्त तुमच्या आणि मित्राच्या हिश्श्यातून, एकाच जुन्या कार्डावर करा. त्या एका कार्डावर तुमची पाइपलाइन चालली, भिंतीवरच्या मीटरचा आकडा आणि पूलमधला (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटातला) हॅशरेट जुळला आणि महिनाभर प्रत्यक्ष उत्पन्न दिसलं, तर ताईंना आकडे दाखवून पुन्हा विचारता येईल. तेव्हाही त्या नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: केचॅकसारखा गणिताचा, एसिक नसलेला अल्गोरिदम तुम्हाला सापडला आणि सिंथेसिसचे आकडे १३० दिवसांच्या कसोटीला उतरले, तर मित्राचं बरोबर आहे. जुनं व्हीयू९पी कार्ड, तेही एकच. आकडे उतरले नाहीत तर यातली कुठलीच चिप घेऊ नका. २००टीचा एखादा डेव्हलपमेंट बोर्ड शिकण्यासाठी घेतलात तर तो पैसा वाया जाणार नाही, पण तो मायनिंगच्या खात्यात मांडू नका.

स्पीड ग्रेडचं राहिलं. उणे दोनसाठी जादा पैसे देऊ नका, उणे एक घ्या. टायमिंगच्या अहवालात येणारं क्लॉक सर्वांत वाईट तापमान, व्होल्टेज आणि सिलिकॉन धरून काढलेलं असतं. प्रत्यक्षात चिप त्याहून पुढे चालते. इतर कामांत एक चुकलेला बिटही चालत नाही, म्हणून तिथे त्या आकड्याला चिकटून राहावं लागतं. मायनिंगमध्ये चिपने चुकीचा नॉन्स दिला तर होस्ट संगणक तो स्वतः तपासून टाकून देतो, नुकसान फक्त त्या एका नॉन्सचं. तेव्हा एमएमसीएमचं (चिपमधल्या क्लॉक बनवणाऱ्या भागाचं) क्लॉक चालू असतानाच बदलता येईल अशी सोय डिझाइनमध्ये ठेवा, होस्टवर चुकीच्या नॉन्सची टक्केवारी मोजा आणि क्लॉक पाच-पाच मेगाहर्ट्झने वाढवत जा. चुका साधारण एक टक्क्यापलीकडे जाऊ लागल्या की एक पायरी मागे या आणि त्या क्लॉकला कार्ड पूर्ण तापलेलं असताना दिवसभर चालवून बघा. थंड कार्डावर मिळालेला आकडा दुपारी टिकत नाही.